तुटलेला दोर कुणाचा?

फार पूर्वी एका उभ्या कड्यावर एक गाव होतं. नदी खाली, शेतं खाली, रानही खाली. माणसं तेवढी वर राहत. खाली उतरायला एकच अरुंद पायवाट होती आणि ती चढून येताना भल्याभल्यांना दम लागे. म्हणून पाणी, धान्य, सरपण, सगळं काही दोरानं वर ओढलं जाई. कड्याच्या काठावर जागोजागी रहाट बसवलेले होते. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांनाही पाळण्यात बसवून असंच वर-खाली नेत. दोर तुटला तर कुणाच्या तरी घरी त्या दिवशी चूल पेटत नसे.

गावात दोर वळणारी आवारं दोनच होती. एक मल्हारीचं. ते मोठं, तिथे पुष्कळ माणसं कामाला. दुसरं येसाजीबाबांचं, गावाच्या पार टोकाला. तिथे बाबा, त्यांची सून आणि एक-दोन गडी. पावसाळा सरला की घरोघर नवे दोर घेतले जात आणि ते पुढचं वर्षभर चालत. ओझं बांधायच्या टोकाशी मल्हारी लाल धागा गुंफायचा, येसाजीबाबा निळा. दोर कुणाचा, ते त्यावरून कळे.

त्या गावात निवाडे करायला एक बाई होती. नाव गिरजा, पण सगळे तिला काकू म्हणत. काकूंचे निवाडे लोक मानत, कारण त्या कुणाची बाजू ओढून बोलत नसत. मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्यांची भांडणं ऐकून त्या फार थकल्या होत्या. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. सकाळी त्याचं सगळं करून चावडीवर यायचं, दिवसभर तक्रारी ऐकायच्या, आणि संध्याकाळी पुन्हा घरी जाऊन चुलीशी बसायचं. गुडघे दुखत, पण सांगायचं कुणाला?

एकदा श्रावणात नदीकाठच्या वस्तीवर एक बाई अडली. निरोप आला तशी सगुणा सुईण निघाली. गावातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. ती गावकीच्या रहाटावरच्या पाळण्यात बसली आणि माणसं दोर सोडू लागली. पाळणा अर्ध्यावर गेला असेल नसेल, दोर तुटला.

सगुणा वाचली. खालच्या माणसांनी तिला पाण्यातून ओढून काढलं. पण कमरेखालचं तिचं शरीर पुन्हा कधी तिचं ऐकेना. पाळणा आणि त्याला बांधलेलं दोराचं टोक पुरात वाहून गेलं. त्या रहाटावर दोन्ही आवारांचे दोर असत. हा कुणाचा होता, ते सांगणारा धागा नदीनं नेला.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव चावडीवर जमलं. त्या सकाळी काकूंनी आधीच दोन भावांचं बांधावरचं भांडण ऐकलं होतं. त्याआधी एका चोरीला गेलेल्या बकरीचं. त्यांचं डोकं ठणकत होतं.

सुभान पुढे आला. रहाटांची देखरेख त्याच्याकडे असे आणि तुटलेल्या दोरांची टोकं तो रहाटाजवळच्या खोपटात टांगून ठेवी. ती सगळी त्यानं काकूंसमोर टाकली.

"काकू, या वर्षी सगुणामावशीचा सोडून बारा दोर तुटले. टोकं ही बघा. आठांना लाल धागा, चारांना निळा. आता आणखी काय सांगायला पाहिजे?"

"काही नको!" लोक ओरडले. "मल्हारीचाच दोर!"

मल्हारी उठून उभा राहिला. "काकू, माझे दोर तुटतात. मी नाही म्हणत नाही. पण मावशीचा दोर माझाच होता हे कशावरून?"

"बारातले आठ तुझे," सुभान म्हणाला. "यावरून."

काकू येसाजीबाबांकडे वळल्या. "बाबा, तुमचं काय म्हणणं?"

येसाजीबाबा खरंच भले माणूस होते. त्यांनी हात जोडले. "मी कुणावर आळ घेत नाही, बाई. पण माझे चार तुटले, त्याचे आठ. देवाच्या दयेनं माझ्या हाताला अजून यश आहे, एवढंच म्हणेन." आणि ते त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

काकूंच्या मनात काहीतरी खुपलं. काय, ते कळेना. काहीतरी विचारायचं राहतंय, एवढंच जाणवत होतं. थोडा वेळ शांत बसता आलं असतं तर कदाचित सापडलंही असतं. पण लोक गलका करत होते, ऊन चढलं होतं, घरी नवरा औषधाची वाट बघत असणार होता. समोर बारा टोकं पडली होती आणि त्यातली आठ लाल होती. उत्तर इतकं सरळ दिसत होतं, की त्याच्याशी आणखी झगडायचं त्राण काकूंच्यात उरलं नव्हतं.

"मल्हारीनं आवार बंद करावं," त्या म्हणाल्या. "यापुढे गावानं दोर येसाजीबाबांकडून घ्यावे."

लोक समाधानानं पांगले. मल्हारी तसाच उभा राहिला आणि मग घरी गेला.

त्याच्या आवारात लखू नावाचा एक माणूस दोर वळायचा. तो मागे थांबला. "काकू, आम्हाला दुसरं काही येत नाही. आम्ही आता कुठं जावं?"

काकूंना त्याची दया आली. "खाली रहाटांशी ओझी बांधायला माणसं लागतात. मी सुभानला सांगते. तुझं काम होईल."

"बरं," म्हणून लखू गेला. आपण निदान एका माणसाची सोय लावली, या विचारानं त्या रात्री काकूंना जरा बरी झोप लागली.

पावसाळा सरला. या खेपेला सगळ्या गावानं निळ्या धाग्याचे दोर घेतले. येसाजीबाबांनी गडी वाढवले. ते आणि त्यांची सून उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबत.

दिवाळीच्या सुमाराला एक दोर तुटला. मग आणखी एक. कुणाचं पाणी सांडलं, कुणाची धान्याची गोणी खडकावर फुटली. थंडी सरता सरता लोकांना त्या आवाजाची सवय झाली. वरून काहीतरी खाली जातं, एक धप्प आवाज येतो, आणि कुणीतरी कपाळावर हात मारतं. काकूंना चावडीवर बसल्या बसल्या तो आवाज ऐकू येई. प्रत्येक वेळी त्यांचं समोरच्याच्या बोलण्यावरून लक्ष उडे. मग त्या स्वतःची समजूत घालत, की दोर म्हटला की तुटायचाच.

उन्हाळा आला. एका दुपारी धान्यानं भरलेली मोठी टोपली वर चालली होती आणि खाली लखू पुढची टोपली बांधत होता. दोर तुटला. लखूला वर बघायलाही वेळ मिळाला नाही.

त्याला त्याच दोरांनी वर आणावं लागलं.

लखूचे दिवस होण्याच्या आतच गाव पुन्हा चावडीवर जमलं. या वेळी राग जास्त होता, आणि भीतीही.

"या वर्षी वीस दोर तुटले," सुभान म्हणाला. "मल्हारी दोर वळत नाही, तरी वीस! याचा अर्थ एकच. त्याची माणसं सूड उगवताहेत. चोरून दोर कापताहेत."

"त्यांना गावाबाहेर काढा!" कुणीतरी ओरडलं.

मल्हारी लांब, एका कोपऱ्यात बसला होता. वर्षभरात तो खूप खंगला होता. या खेपेला तो उठलासुद्धा नाही. "माझ्याच माणसाचा जीव गेलाय," एवढंच तो जमिनीकडे बघत म्हणाला.

सगळे काकूंकडे बघू लागले. उत्तर आताही सरळ दिसत होतं. हो म्हटलं की सुटका होती. गेल्या वर्षीपेक्षा काकू अधिकच थकलेल्या होत्या. माघात त्यांचा नवरा गेला होता आणि त्यानंतर त्यांना जेवणाखाण्याचंही भान राहत नसे. तरी त्या वाकल्या आणि पुढ्यातलं दोराचं एक टोक त्यांनी हातात घेतलं. कापलेलं टोक नीट असतं. हे विस्कटलेलं होतं. दुसरं पाहिलं, तेही तसंच. बोटांनी चोळलं तर धाग्यांचा भुगा होत होता.

"आज निवाडा होणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"गेल्या वर्षी माझी एक गोष्ट विचारायची राहिली. ती आधी विचारते, मग सांगते."

दुसऱ्या दिवसापासून काकू घरोघर फिरू लागल्या. प्रत्येक दारात एकच प्रश्न. "गेल्या वर्षी, म्हणजे मल्हारीचं आवार चालू होतं तेव्हा, तुमच्याकडे दोर किती होते? लाल किती, निळे किती?"

लोकांना नवल वाटे. कुणी हसे, कुणी वैतागे. सुभानला तर राग आला. तो वाटेत आडवा आला. "काकू, तुटलेले मोजून झालेत की. धड राहिलेले कशाला मोजताय?"

"तुटलेलेच मोजले म्हणून आपण इथवर आलो, सुभान. सर बाजूला."

चढावर त्या थांबत, गुडघ्यावर हात टेकत, पुन्हा चालू लागत. एका घरी पाणी मागून प्यायल्या, तिथेच भिंतीला टेकल्या आणि जरा वेळ त्यांचा डोळा लागला. घरच्या बाईनं त्यांना उठवलं नाही. जाग आल्यावर काकूंनी तिला विचारलं, "लाल किती, निळे किती?" आणि उत्तर घेऊन पुढच्या दाराशी गेल्या.

सगळं गाव फिरून झाल्यावर त्यांनी लोकांना बोलावलं.

"गेल्या वर्षी गावात शंभर दोर होते," काकू म्हणाल्या. "त्यातले ऐंशी मल्हारीचे आणि वीस येसाजीबाबांचे. सगुणाचा सोडला तर मल्हारीच्या ऐंशींतले आठ तुटले. बाबांच्या विसातले चार. आता तुम्हीच सांगा, दहा दोर मल्हारीकडून घेतले तर त्यातले तुटणार किती?"

लोकांनी मनात हिशोब केला. "एक," कुणीतरी म्हणालं.

"आणि दहा दोर बाबांकडून घेतले तर?"

एकानं बोटांवर मोजलं. "दोन."

"मल्हारीचे तुटलेले दोर जास्त दिसले, कारण मुळात गावात त्याचेच दोर जास्त होते. आपण ऐंशी दोर बंद करून त्या जागी दुपटीनं तुटणारे आणले. शंभरात वीस तुटतील, हे तेव्हाच कळायला हवं होतं. कुणी काही कापलेलं नाही. जे व्हायचं होतं तेच झालं."

सुभाननं विचारलं, "म्हणजे सगुणामावशीचा दोर येसाजीबाबांचा होता?"

"तेही मला म्हणता येणार नाही. तो मल्हारीचा असण्याचाच संभव जास्त. निळ्यापेक्षा दुप्पट. हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे."

"मग मल्हारीच दोषी की! काकू, तुम्ही दोन्हीकडून बोलताय."

"नाही रे," काकू थकून म्हणाल्या. "दोन प्रश्न आहेत आणि ते ऐकायला सारखे वाटतात. तुटलेला दोर कुणाचा असेल, हा एक. कुणाचा दोर तुटेल, हा दुसरा. मी पहिल्याचं उत्तर ऐकलं आणि शिक्षा दुसऱ्याची दिली. आणि पहिल्याचं उत्तरही पक्कं नव्हतं. तिनात एकदा तो दोर मल्हारीचा नसणारच होता. तेवढ्या अंदाजावर मी एका माणसाचं आवार बंद केलं. आणि त्यातून लखू गेला."

येसाजीबाबा उठले. "बाई, मी फसवलं नाही कुणाला. माझे चारच तुटले होते. मला वाटलं, मी चांगला वळतो."

"मला माहीत आहे, बाबा. मलाही तसंच वाटलं होतं."

"मग माझा दोर तुटतो का?"

या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा गावात एकच माणूस होता. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या. मल्हारी सावकाश उठला. "चला बाबा," तो म्हणाला. "बघू तरी."

येसाजीबाबांच्या आवारामागे एक डबकं होतं. अंबाडीच्या काड्या त्यात भिजत घालायच्या, म्हणजे साल मऊ पडून धागा सुटतो. मल्हारीनं एक काडी काढली, सोलली आणि धागा ओढला. तो सहज तुटला. "बाबा, मी खाली रानातल्या वाहत्या ओढ्यात भिजवतो. तुमचं पाणी साचलेलं. साल कुजते तसा आतला धागाही कुजतो. वळताना कळत नाही, ओझं लागलं की कळतं."

"माझ्या बापानंही इथंच भिजवली," बाबा म्हणाले.

"तेव्हा झरा जिवंत असेल. आता आटलाय."

बाबा डबक्याच्या काठावर खाली बसले. सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मला तुझ्या ओढ्यात भिजवू देशील का?"

मल्हारीनं लगेच हो म्हटलं नाही. त्या एका वर्षात त्याची निम्मी माणसं गाव सोडून गेली होती. त्याच्या आवारात गवत वाढलं होतं. "भिजवा," तो शेवटी म्हणाला. "पाणी काही माझं नाही."

काकू त्याच्या जवळ गेल्या. "मल्हारी, आवार उघड. तुझेही दहांत एक तुटतो, तो का तुटतो ते शोध. तेही कमी नाही."

"उघडेन, काकू. पण आता हात पूर्वीसारखे चालत नाहीत." त्यानं काकूंकडे पाहिलं. "आणि तुम्ही लखूच्या बायकोला काय सांगणार?"

काकू तिथून सरळ लखूच्या घरी गेल्या.

लखूची बायको धान्य निवडत बसली होती. काकू उंबऱ्याशीच बसल्या. त्यांनी काही सजवून सांगितलं नाही. "मी थकले होते," त्या म्हणाल्या. "मोजायचं ते मोजलं नाही. म्हणून तो खाली कामाला गेला. मीच पाठवला."

ती बाई सूप हलवत म्हणाली, "थकलेलं कोण नसतं, काकू? तेही थकलेलेच असायचे. तरी दोर वळताना एक पीळ कमी द्यायचे नाहीत." तिनं काकूंना माफ केलं असं म्हटलं नाही, उठून जा असंही म्हटलं नाही. मग तिनं विचारलं, "मल्हारीकडे पुन्हा माणसं घेणार आहेत का? मला वळता येतं."

"विचारते," काकू म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. "नाही. मी मधे पडत नाही. तू स्वतः विचार. काम बघ, जागा बघ, मग ठरव."

पावसाळा सरल्यावर दोन्ही आवारांतून दोर आले आणि दोन्हींची अंबाडी एकाच ओढ्यात भिजलेली होती. त्या वर्षीही दोर तुटले, पण थोडे. सुभान आता तुटलेल्या टोकांबरोबर गावातले सगळेच दोर मोजतो. सगुणा अंगणात खाटेवर बसून पोरीबाळींना सुईणपण शिकवते. काकू अजून निवाडे करतात आणि अजून थकतात. मात्र डोकं ठणकायला लागलं की त्या उठतात आणि सांगतात, "आज नको. उद्या या." लोक कुरकुर करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच, की बिघडलेलं मोजताना न बिघडलेलंही मोजावं. आणि थकल्या मनाला जे उत्तर चटकन पटतं, त्यावर कुणाला शिक्षा करण्याआधी एक दिवस थांबावं.